गावातली शाळा संपल्यावर मुलीचं शिक्षण कसं चालू ठेवाल?

मे महिना लागला की एकाच धर्तीचे प्रश्न येऊ लागतात. गावात सातवीपर्यंतच शाळा आहे, पुढची शाळा आठ किलोमीटरवर. मुलीला पाठवायचं कसं? दहावीला चांगले गुण आहेत, पण कॉलेज तालुक्याला आणि संध्याकाळची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. आम्ही दिवाळीनंतर कारखान्यावर जातो, पोरीला मागे कुणाजवळ ठेवायचं? शाळेत दाखला मागितला तर आधी राहिलेली फी भरा म्हणतात, तसा नियम आहे का?

हे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मुलीनं शिकावं असंच वाटत असतं. अडचण अशी, की निकालानंतर ‘बघू, करू काहीतरी’ म्हणता म्हणता जून उजाडतो. प्रवेशाच्या आणि वसतिगृहाच्या तारखा उलटून जातात आणि मुलगी घरी राहते. तिची शाळा बंद करायचं घरात कुणी ठरवलेलं नसतं, तरी ती बंद होते. मुलाच्या बाबतीत हेच ‘बघू’ फार काळ टिकत नाही, कुणीतरी धावपळ करतंच.

म्हणून पहिली विनंती: तुमची मुलगी सध्या गावातल्या शाळेच्या शेवटच्या इयत्तेत असेल किंवा दहावीत असेल, तर पुढच्या वर्षीची सोय परीक्षेआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच ठरवा. पुढची सगळी माहिती महाराष्ट्रातल्या गावांसाठी आहे आणि ती त्याच बेताने वाचावी.

आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधा

‘तिला अभ्यासाची आवडच नाही’ हे कारण मी फार वेळा ऐकलं आहे. थोडं खोलात गेलं की दुसरंच काही निघतं. शाळेच्या मुतारीला कडी नाही. फाट्यावर बसणारी पोरं रोज काही बोलतात. आई कामाला गेल्यावर धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. पाचवीपासून गणित सुटलंय आणि वर्गात उभं केलं की लाज वाटते. यातलं प्रत्येक कारण वेगळं आहे आणि प्रत्येकाचा मार्गही वेगळा आहे.

मुलीला विचारा, पण चारचौघांत नको. वडिलांसमोर ती बोलणार नसेल तर आत्या, मोठी बहीण किंवा विश्वासातल्या बाईंना बोलू द्या. मग घरात बसून पाच गोष्टी कागदावर लिहून काढा:

- पुढची शाळा किती लांब आहे आणि जाण्या-येण्याची वाहनं कोणती, किती वाजता
- रोजचं जाणं-येणं जमणार नसेल तर राहण्याची सोय कुठे आहे
- खर्च नेमका कशाचा: फी, पुस्तकं, प्रवास की राहणं
- घरातलं कोणतं काम तिच्यावाचून अडतंय
- मुलीला आणि तुम्हाला भीती कशाची वाटते

‘हुशार असेल तर शिकवू’ ही अट या कागदावर येऊ देऊ नका. मुलाला ती कुणी घालत नाही.

कायदा कुठपर्यंत तुमच्या बाजूने आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. सक्ती सरकारवर आहे, म्हणजे शाळा उपलब्ध करून देणं ही सरकारची जबाबदारी. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. तशी नसेल तर वाहतुकीची किंवा राहण्याची सोय मागता येते. गावातली कमी पटाची शाळा बंद करून मुलांना लांबच्या शाळेत पाठवण्याचा विषय निघाला, तर हेच अंतराचे आकडे ग्रामसभेच्या ठरावात लिहा. लांब पडलेल्या शाळेत मुलं कशीबशी जातात. पहिल्यांदा थांबतात त्या मुली.

याच कायद्यातल्या या तरतुदी लक्षात ठेवा:

- जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद किंवा पालकांचं स्वयंघोषणापत्र चालतं.
- शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. दाखला मिळाला नाही म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. फी थकल्याचं कारण सांगून दाखला अडवला जात असेल तर मुलीला घरी बसवू नका. नव्या शाळेत तिचं नाव घाला आणि तक्रार मागाहून करा.
- वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी प्रवेश मिळतो.
- मध्येच शाळा सुटलेल्या मुलीला वयाला साजेशा वर्गात बसवायचं असतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. बारा वर्षांच्या मुलीला तिसरीत बसवलं तर ती आठवड्यात पळून येईल. तसं होऊ देऊ नका.

आठवीनंतर या कायद्याचा आधार संपतो, आणि गावातल्या मुलींची खरी परीक्षा तिथूनच सुरू होते. नववीपासून पुढे तुमच्या हातात राहतात त्या योजना, आणि योजनेला अर्ज लागतो. अर्ज केला नाही तर विचारायला कुणी घरी येत नाही.

अंतर: सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न

माझ्या मते गावातल्या मुलींच्या शिक्षणाचा निम्मा निकाल एसटीच्या वेळापत्रकात लागलेला असतो. म्हणून याबद्दल थोडं सविस्तर.

*एसटीचा मोफत पास.* पाचवी ते बारावीत शिकणाऱ्या मुलींना घर ते शाळा एसटीचा प्रवास अहिल्यादेवी होळकर योजनेत मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांसारखे सवलतीचे पैसेही भरावे लागत नाहीत. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा बोनाफाईड, आधार कार्ड आणि फोटो घेऊन आगारातल्या पासच्या खिडकीवर जायचं. अलीकडे शाळेनं यादी दिली की पास शाळेतच पोचवण्याची पद्धत सुरू झाली आहे. तेव्हा पहिल्या आठवड्यातच वर्गशिक्षकांना विचारा, ‘यादी आगाराला गेली का?’ पास फक्त एसटीत चालतो, वडापला किंवा काळी-पिवळीला नाही.

*मानव विकासची निळी बस.* राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी गाव ते शाळा अशा निळ्या बस चालतात. तुमचा तालुका यादीत आहे का ते पंचायत समितीत कळेल. बस आहे पण तुमच्या गावाला वळत नाही, अशा तक्रारी खूप येतात. फेरीचा मार्ग बदलता येतो, मात्र त्यासाठी मागणी लेखी हवी.

*सायकल.* याच तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात. यादी शाळा करते, म्हणून नाव शाळेतच नोंदवायचं. गावातून चार-पाच मुली बरोबर निघतील असं जमवा, म्हणजे रस्त्याची भीती बरीच कमी होते.

*गाडीची वेळच जुळत नसेल तर.* इथे बहुतेक पालक हात टेकतात. तोंडी सांगून आगारात काही हलत नाही. असं करा:

- गावातल्या आणि वाटेवरच्या वाड्या-वस्त्यांतल्या, त्या शाळेत जाणाऱ्या सगळ्या मुलींची यादी करा: नाव, इयत्ता, पास क्रमांक.
- मुख्याध्यापकांकडून शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ लेखी घ्या.
- ग्रामपंचायतीचा ठराव जोडा.
- अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे करा, प्रत विभाग नियंत्रकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

अर्जात भावनिक मजकूर नको. ‘शाळा ५ वाजता सुटते, गाडी ४.४५ ला जाते, त्यानंतरची गाडी ७.३० ला आहे. या गाडीवर २३ विद्यार्थिनी अवलंबून आहेत. ४.४५ ची गाडी ५.१५ ला सोडावी,’ इतकं पुरे. आगार व्यवस्थापकाला वेळ बदलायची तर वरिष्ठांना दाखवायला आकडा लागतो, तो तुम्ही हातात द्यायचा. गाडी अजिबात हलत नसेल तर दुसऱ्या टोकाकडून प्रयत्न करा. शाळेची वेळ पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे करायला शाळा व्यवस्थापन समिती मुख्याध्यापकांशी बोलू शकते. लांबून येणाऱ्या मुलींना शेवटच्या तासाला दहा मिनिटं आधी सोडणं एवढ्यानंही पुष्कळ ठिकाणी भागतं.

राहून शिकायचं असेल तर

पर्याय जातीप्रमाणे, उत्पन्नाप्रमाणे आणि इयत्तेप्रमाणे बदलतात, त्यामुळे गोंधळ होतो. ढोबळ मांडणी अशी:

- *कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय:* शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांतली, फक्त मुलींची निवासी शाळा. सहावीपासून प्रवेश. शाळाबाह्य आणि शाळा सुटलेल्या मुलींना प्राधान्य. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींसाठी ७५ टक्के जागा, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी.
- *जवाहर नवोदय विद्यालय:* सहावीला प्रवेश, पण परीक्षेचा अर्ज मुलगी पाचवीत असताना भरायचा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, एक तृतीयांश मुलींसाठी.
- *आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहं:* चौकशी प्रकल्प कार्यालयात करा.
- *समाजकल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं:* साधारण आठवीपासून पुढे. चौकशी सहायक आयुक्त कार्यालयात.
- *वसतिगृहात जागा मिळाली नाही तर:* पुढे शिकणाऱ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च थेट खात्यात मिळण्याच्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी दहावीनंतर स्वाधार; बारावीनंतर जमातींसाठी स्वयंम्, आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृहाला अर्ज केला होता पण प्रवेश मिळाला नाही, याचा कागद जपून ठेवा.

वसतिगृह ठरवण्याआधी आईनं स्वतः एकदा तिथे जाऊन यावं. गृहपाल बाई रात्री तिथेच राहतात का, न्हाणीघरांना कड्या आणि दिवे आहेत का, मुलीला घरी फोन कसा करता येतो, भेटायला कोण येऊ शकतं आणि त्याची नोंद होते का, आजारी पडली तर कुठे नेतात, हे विचारा. तिथे आधीपासून राहणाऱ्या दोन मुलींशी गृहपालांच्या मागे बोला. त्यांच्याकडून जे कळेल ते कार्यालयात कळणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडची जोडपी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयता उचलतात ती मार्च-एप्रिलला परततात. मुलगी बरोबर गेली की फडावर स्वयंपाक, पाणी आणि धाकटी भावंडं तिच्याकडे येतात. मागे ठेवली तर जबाबदारी म्हाताऱ्या आजीवर, आणि मग ‘एकदा उजवून टाकू’ हा विचार. लवकरच्या लग्नांचं मूळ पुष्कळदा या सहा महिन्यांत असतं.

- शाळेत *हंगामी वसतिगृह* सुरू करायला सांगा. मुलं आजी-आजोबांजवळ गावातच राहतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं. मागणी टोळी निघण्याआधी, सप्टेंबरात नोंदवा.
- *संत भगवानबाबा वसतिगृह योजना* खास ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी आहे. १० जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली आणि ती टप्प्याटप्प्याने सुरू होत आहेत. तुमच्या तालुक्यातलं सुरू झालं का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.
- न्यावंच लागलं तर मुख्याध्यापकांकडून *शिक्षण हमी कार्ड* घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं आणि परतल्यावर इथला पट तुटत नाही.

पैसा: कुठे लागतो, कुठे लागत नाही

सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. फसगत होते ती तुकडीमुळे. एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. प्रवेश घेताना ‘ही तुकडी कोणती?’ एवढं विचारलंत तर हजारो रुपये वाचतील. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या.

आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला मुलीला नक्की बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती पाचवी ते दहावीच्या मागासवर्गीय मुलींसाठी आहे. रक्कम लहान असली तरी सोडू नका, त्यासाठी शाळेतच नाव जातं.

*लेक लाडकी* योजनेबद्दल खूप गैरसमज आहे. ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातल्या मुलींसाठी आहे. टप्प्याटप्प्याने मिळून १,०१,००० रुपये मिळतात. आज आठवी-दहावीत असलेल्या मुलीला ती लागू नाही. तुमची मोठी मुलगी या योजनेत बसवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

बारावीनंतरचा मोठा बदल २०२४-२५ पासूनचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे, खासगी विनाअनुदानित कॉलेजांतही. अट एक: प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली, अभिमत विद्यापीठांनाही ती नाही. वसतिगृह, जेवण आणि इतर शुल्क यात येत नाही, तो हिशेब वेगळा ठेवा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी त्यांच्या शिष्यवृत्ती योजना आधीपासून आहेत.

अकरावीचा अर्ज नकाशा समोर ठेवून भरा

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आता पसंतीक्रम नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर टाकू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून जिथे जायला थेट गाडी आहे किंवा राहायची सोय आहे तेच कॉलेज वर लिहा. नामांकित पण गाडी नसलेलं कॉलेज पहिलं टाकलं आणि मिळालं, तर ऑगस्टात मुलगी घरी बसण्याची शक्यता मोठी. विज्ञान शाखा निवडताना प्रात्यक्षिकं किती वाजेपर्यंत चालतात तेही विचारा, कारण शेवटची गाडी चुकते ती प्रात्यक्षिकाच्या दिवशी. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, तो पर्यायही दहावीनंतर तपासा.

कागदपत्रं: एका अक्षरानं वर्ष जातं

जन्मदाखल्यावर ‘सुनीता’, आधारवर ‘सुनिता’, शाळेच्या रजिस्टरला वडिलांचं घरातलं नाव. एवढ्यावरून शिष्यवृत्ती परत जाते. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकलेलं नाव नंतर दुरुस्त करणं फार किचकट.

- जातीचा दाखला आठवी-नववीतच काढा आणि पडताळणीचा अर्ज अकरावीत करा.
- उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, आपले सरकार केंद्रातून. मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिल-मे महिन्यात गर्दीच्या आधी नवा काढा.
- १५ वर्षं पूर्ण झाली की आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. दिले नाहीत तर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज अडतो.
- बँक खातं मुलीच्या नावावर हवं आणि आधारशी जोडलेलं हवं. अनुदान शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. दोन-तीन खाती असतील तर बँकेत विचारून घ्या. पोस्टमनकडून पोस्टाचं खातंही उघडता येतं.

घरकाम, पाळी आणि वाटेवरची भीती

धाकट्याला सांभाळण्यासाठी मोठीची शाळा बुडत असेल तर त्याला अंगणवाडीत घाला. अंगणवाडी आणि शाळेच्या वेळा जुळत नसतील तर शेजारच्या दोन घरांनी आळीपाळीनं बघावं. चौदा वर्षांखालच्या मुलीला मजुरीला नेणं गुन्हा आहे. घरातल्या कामाचं म्हणाल तर दहावीच्या वर्षी पाणी भरणं मुलाकडे द्या, त्यानं काही बिघडत नाही.

पाळी सुरू झाल्यावर महिन्याचे चार-पाच दिवस शाळा बुडते, मग अभ्यास सुटतो. शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असणं बंधनकारक आहे. कडी, पाणी आणि कचऱ्याचा डबा हे काम मोठं नाही, संयुक्त शाळा अनुदानातून ते होतं. ग्रामपंचायतीलाही वित्त आयोगाच्या निधीतून पाणी आणि स्वच्छतेवर खर्च करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असायला हव्यात. कागदावर नाव असलेल्या आयांनी बैठकीला जाऊन हा विषय घ्यावा.

कुणी वाटेवर त्रास देत असेल तर मुलीची शाळा बंद करून आपण शिक्षा तिला देतो. आणि तिला हे माहीत असतं, म्हणूनच ती घरी सांगत नाही. तिला आधी स्पष्ट शब्द द्या, की सांगितलंस तरी शाळा बंद होणार नाही. मग मुख्याध्यापक आणि शाळेतली सखी सावित्री समिती यांना लेखी कळवा. पाठलाग, स्पर्श किंवा फोनवर त्रास असेल तर पोलिसांकडे जा. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि त्यात तिचं नाव उघड करायला मनाई आहे. मदतीसाठी १०९८ आणि ११२ हे क्रमांक.

लग्नाचा विषय निघाला असेल तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. शाळा सुटलेली मुलगी घरी दिसली की स्थळं येऊ लागतात. शाळेत जाणाऱ्या मुलीबद्दल ‘अजून शिकतेय’ हे उत्तर देता येतं आणि पाहुण्यांना ते पटतंही.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. मुलीचं वय १८, मुलाचं २१. लग्न लावणारे, ठरवणारे आणि हजर राहून साथ देणारे दोषी धरले जाऊ शकतात. शिक्षा २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना मदत करतात. १०९८ वर नाव न सांगताही कळवता येतं.

‘लग्न लावून देऊ, सासरचे शिकवतील’ म्हणणाऱ्या आईवडिलांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा कायद्यानं बलात्कार आहे. मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली की वय बघून डॉक्टरांना पोलिसांत कळवावंच लागतं. जावई तुरुंगात, मुलगी बाळासह माहेरी आणि शिक्षण अर्धवट, अशी घरं मराठवाड्यात कमी नाहीत.

लग्न झालंच असेल तर ते रद्द करून घेण्याचा अर्ज मुलगी स्वतः वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत करू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला वकील मोफत मिळतो. विवाहित मुलीला शाळेत बसू देत नाहीत असं सांगितलं जातं. तसा कोणताही नियम नाही.

सुटलेलं शिक्षण परत सुरू करायचं असेल तर

- *१७ नंबरचा फॉर्म:* शाळेत न जाता राज्य मंडळाची दहावी किंवा बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर, साधारण परीक्षेच्या आधीच्या पावसाळ्यात सुरू होतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चला म्हणून डिसेंबरात चौकशी केली तर वर्ष गेलंच.
- *राष्ट्रीय मुक्त विद्यालय:* दहावीसाठी १४ आणि बारावीसाठी १५ वर्षं पूर्ण हवीत. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत, एकेक विषय सोडवत पास होता येतं. लेकुरवाळ्या मुलींना हे जास्त सोयीचं पडतं.
- *महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ:* पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षांसाठी.

बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलीला घरात रोज ठरलेले दोन तास मिळायला हवेत. फॉर्म भरला आणि वेळ दिला नाही, तर नापासाचा शिक्का तिच्यावर बसतो.

दाद कुठे मागायची

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. आठवीपर्यंत प्राथमिक विभागाचे आणि नववीपासून माध्यमिक विभागाचे, हे लक्षात ठेवा, नाहीतर एक खिडकी दुसरीकडे पाठवत राहते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. दिला नाही किंवा पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. बस, वसतिगृह किंवा अनुदान कुठे अडलंय हे कळत नसेल तर १० रुपयांच्या शुल्कात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, त्याची पावती पोच म्हणून चालते.